वेट्झेलबाईंची शेगडी

हार्लन क्लिंगरच्या कोठारात नवं गिऱ्हाईक शिरलं, की पहिली पाच मिनिटं त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. आणि फुटला, की तो किमतीबद्दलच असे.

शेगड्या होत्याच तशा. छातीइतक्या उंच, बिडाच्या, अंगभर ओकची पानं आणि द्राक्षांचे घोस, कडांना निकेलचा मुलामा, माथ्यावर नक्षीदार कळस. पुढच्या दारांना अभ्रकाच्या खिडक्या. आत खाणीतला कडक कोळसा धगधगला, की त्या खिडक्यांतून अख्ख्या बैठकीत तांबूस उजेड पसरायचा. दिवा लावायचं कुणी नावच काढत नसे.

त्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाहून एक गृहस्थ आले होते. किमतीची चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"नऊ हजार डॉलर? अहो, ऊबच हवी तर दोनशे डॉलरचा हीटर पुरतो की!"

"मग तोच घ्या," हार्लन म्हणाला. "राखसुद्धा काढावी लागत नाही."

गृहस्थ गेले. दारात उभी असलेली अर्लीन, म्हणजे हार्लनची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली, "गिऱ्हाईक हाकलायचं दुकान काढलंयस तू. पाटी तरी तशी लाव!"

हार्लनला सांगता आलं असतं. एका शेगडीमागे सात-आठ महिने जातात. गंज खरवडायचा, तडकलेला पत्रा सांधायचा, हरवलेला पाय नव्यानं ओतून घ्यायचा, अभ्रक पापुद्र्यापापुद्र्यानं सोलायचा. पण खरं कारण हे नव्हतं. शेगड्या महाग होत्या, कारण उरल्याच नव्हत्या. आणि त्या का उरल्या नाहीत, हे आमच्या खोऱ्यात हार्लनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच्या लहानपणी पेनसिल्व्हेनियाच्या या कोळशाच्या डोंगरात शेगडी नसलेलं घर नव्हतं. मे महिन्यात ती सुटी करून शेडमध्ये ठेवायची आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा बैठकीत मांडायची. मांडायचा दिवस म्हणजे सण आणि संकट दोन्ही. धुराड्याची नळकांडी एकात एक बसायची नाहीत, आणि बसली की शेवटचं निसटून गेल्या वर्षीची सगळी काजळी बापाच्या डोक्यावर रिती व्हायची. हार्लनचा बाप चर्चमधला मोठा धर्मभीरू माणूस. पण त्या दिवशी शिडीवरून तो पूर्वजांच्या जर्मन भाषेत अशा शिव्या हासडायचा, की भावंडं वर्षभर त्याची वाट बघायची. आई स्वयंपाकघरात मोठ्यानं भांडी घासत बसायची, म्हणजे ऐकू आलं नाही म्हणायला मोकळी. मग एकदा विस्तव पेटला, की तो थेट एप्रिलपर्यंत विझायचा नाही. ज्या घरातला विझला त्या घरातल्या बाईला रविवारी चर्चमध्ये मान वर करायची चोरी. काठावर सफरचंदं भाजत, दांडीवर ओले मोजे वाळत आणि आजोबा पाय पसरून घोरत. या सगळ्याची आठवण निघाली की हार्लनचा आवाज अजून मऊ व्हायचा. तेवढं सुख त्याला पुढे कुठेच मिळालं नाही, हे तो अर्लीनच्या तोंडावरही सांगायचा.

मग १९४२चा सप्टेंबर आला. युद्धासाठी लोखंड द्या म्हणून सरकारचं आवाहन झालं आणि गावात गाडी फिरू लागली. नेमक्या त्या दिवसांत शेगड्या शेडमध्ये होत्या. बाहेर उकडत होतं. अडगळीत धूळ खात पडलेलं ते धूड द्यायला कुणालाच काही वाटलं नाही. नोव्हेंबरात सगळं गाव स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती कुडकुडत बसलं, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. उन्हाळ्यात शेगडी देऊन टाकायची अक्कल फक्त आमच्याच लोकांना सुचायची!

गाडीबरोबर अठरा वर्षांचा हार्लन होता. अख्खी शेगडी गाडीत मावत नसे, म्हणून ती जागच्या जागी फोडायची. दंड पिळदार, घण त्याच्या हातात. शेजारच्या ऑगस्टा वेट्झेलबाईंनी आपली शेगडी दिली, कारण त्यांचा मुलगा लेरॉय आरमारात होता. या लोखंडाची जहाजं होणार, असं सगळेच सांगत होते. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "अख्खीच घेऊन जा ना रे. इथे माझ्या डोळ्यांदेखत नको फोडूस."

आणि हार्लन हसला. पायरीवर वेट्झेलबाईंची लुएला उभी होती आणि त्याला तिच्यापुढे रुबाब दाखवायचा होता. त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि घण घातला.

युद्ध संपवून तो घरी आला तेव्हा रेल्वेच्या रुळांलगत गवतात एक ढीग तसाच पडलेला होता. त्यांच्या गावाचं लोखंड. कुठेच गेलं नव्हतं. हार्लननं ढिगातून वेट्झेलबाईंच्या शेगडीचं दार उपसून काढलं, कोटाखाली लपवलं आणि घरी आणलं. तिथून हा धंदा सुरू झाला. तसल्याच तीन मोडक्या शेगड्यांचे भाग जमवून त्या दारामागे अख्खी शेगडी उभी करायला त्याला अकरा वर्षं लागली. ती कोपऱ्यात होती आणि तिच्यावर चिठ्ठी होती, "विकायची नाही."

फिलाडेल्फियावाले गेले त्याच आठवड्यात लुएला आली. चाळीस वर्षं ओहायोत संसार करून, नवरा गेल्यावर ती आईच्या रिकाम्या घरात राहायला परतली होती. हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी. तिनं कोठारभर नजर फिरवली आणि सरळ कोपऱ्यात गेली.

"हीच. अगदी आमच्यासारखी. किती?"

"ती विकायची नाही, लुएला."

"मग चिठ्ठी कशाला लावलीस? वाचणाऱ्याला वेडावायला?"

अर्लीन खुदकन हसली. हार्लननं हात पुसले, पुन्हा पुसले. बावन्न वर्षं गिळलेली गोष्ट होती.

"तू घेऊन जा. तशीच. तुमची मी फोडली होती. तुझी आई नको म्हणत होती आणि मी तुझ्यापुढे शायनिंग मारायला..."

"ठाऊक आहे मला. मी होते की तिथे." लुएलानं बरणी बाकावर ठेवली. "म्हणून तर तुझ्याशी लग्न नाही केलं."

"आणि हे ध्यान माझ्या गळ्यात पडलं!" अर्लीन म्हणाली.

तिघंही हसले. पण लुएला लवकर थांबली.

"फुकट नको, हार्लन. फुकट एकदा आम्हीच दिली. इतकी हौसेची वस्तू, आणि घेणाऱ्यांनी तिची किंमत भंगाराची केली. शहरातल्या माणसाला सांगतोस तीच किंमत मला सांग." मग हळू आवाजात म्हणाली, "आईनं पुढे कधी कुरकुर केली नाही हं. लेरॉयचं जहाज बुडाल्याची तार आली तेव्हा एवढंच म्हणाली, 'शेगडी तरी त्याच्यासोबत आहे.' मरेपर्यंत तेच म्हणायची. थंडी पडली की जास्तच."

हार्लननं स्टूल ओढलं आणि बसला. अर्लीननं त्याच्याकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. तिला दाराची गोष्ट माहीत होती. गप्प राहणं सोपं होतं. म्हातारी समाधानानं गेली होती, आता लुएलाच्या मनातलं तेवढं मोडून काय मिळणार होतं? पण त्यांच्याच शेगडीचं दार त्यांनाच विकून पैसे घ्यायचे आणि तोंड मिटून बसायचं, हे त्याला जमेना. एकदा त्या दारावर घण घातलाच होता.

"लुएला," तो म्हणाला, "हे पुढचं दार तुमचंच आहे. ढीग इथेच पडून होता, रुळांजवळ. चार वर्षं. काहीच गेलं नाही गं कुठे."

लुएलानं शेगडीचं दार उघडलं, मिटलं. अभ्रकावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. हार्लनला तिच्याकडे बघवेना, तो जमिनीकडे बघत राहिला.

"म्हणजे लेरॉयसोबत नव्हती ती," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"आईनं ऐकलं असतं तर..." तिनं बाहीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि पर्समधून चेकबुक काढलं. "पूर्ण किंमत सांग. आणि धुराडं बसवायला तू स्वतः ये. लेरॉय आणि शेगडी, दोघांतलं एक तरी घरी येतंय."