फरशीवाल्याच्या लेकीचा वाढदिवस

त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार म्हणजे गुण्या. ते पिशवीत नाही असं कामावर पोचल्यावर कळलं, तर हा बाबा उलट पावली घरी जायचा. म्हणून हे नाव पडलं. आयुष्यभर त्याने फरश्या बसवल्या, गुडघ्यांवर बसून, मागे सरकत सरकत. बसवलेल्या फरशीवर थापीची मूठ आपटून तो कान द्यायचा. आवाज पोकळ आला की फरशी उचलायची, खालचा सिमेंटचा माल खरवडायचा, पुन्हा बसवायची. कोणी बघत नसलं तरी. "चालतंय की" हे शब्द त्याच्यापुढे काढायची सोय नव्हती.

असा माणूस कामावर सोन्यासारखा, घरात जड जातो. बायकोने त्याला निभावून नेलं. बरीच वर्षं वाट पाहून दोघांनी अनाथालयातून एक पोर आणली. नुकती चालायला लागलेली, दोन्ही मुठींत गुण्याची पँट धरून उभी राहिलेली. ती कधी जन्मली ते तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या बाईंनी एक जानेवारी ठरवून टाकली होती, जशी त्या सगळ्याच पोरांची ठरवत. गुण्याला ते पचलं नाही. एवढी पोरं एकाच दिवशी कशी जन्मतील?

तेव्हापासून घरात वाढदिवस म्हणून झाला नाही. बायको म्हणायची, एक जानेवारी तर एक जानेवारी, लेकराला काय कळतंय. गुण्या म्हणायचा, जे मोजलं नाही ते खरं म्हणून सांगायचं नाही. तिने आदळआपट केली, अबोला धरला, शेवटी नाद सोडला. गुण्याने मात्र सोडला नव्हता. दात बघून घोड्याचं वय सांगतात असं कुठेतरी ऐकून त्याने पोरीला दातांच्या डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं आणि जन्मतारीख विचारली. डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, सातवं चालू असावं, पण तारीख काही दातावर छापलेली नसते.

बाहेर आल्यावर पोरीने विचारलं, "बाबा, मी काय घोडा आहे?"

त्या वर्षी डिसेंबरात गोष्ट गळ्याशी आली. पोरीच्या वर्गात ज्याचा वाढदिवस असेल त्याने फळ्यावर रंगीत खडूने स्वतःचं नाव लिहायचं, अशी बाईंची पद्धत. गेल्या वर्षभरात बाकी सगळ्यांची नावं एकेकदा लिहून झाली होती. एक दिवस पोर शाळेतून आली, दप्तर टेकवलं आणि आईला हळूच म्हणाली, "आई, मी जन्मले तर होते ना?"

बायकोने हे गुण्याला वाढताना सांगितलं. गुण्या अर्ध्या जेवणावरून उठला.

तेव्हा तो चर्चची फरशी करत होता. ओल लागून जुनी खचली होती आणि नाताळच्या आत नवी व्हायला हवी होती. म्हातारे फादर रोज चहा घेऊन यायचे आणि बाकावर बसून काम बघायचे. दुसऱ्या दिवशी गुण्याने हातातलं काम न थांबवता त्यांना विचारलं की येशूची तारीख कशी काढली. इतक्या जुन्या काळातला जन्म, गोठ्यात झालेला, जवळ ना डॉक्टर ना दवाखाना, तरी पंचवीस डिसेंबर सगळ्या जगाला पाठ. म्हणजे शोधून काढायची काहीतरी रीत असणार. ती कळली तर पोरीचं काम होईल. हे शेवटचं वाक्य तो बोलला नाही.

फादर म्हणाले, तारीख कोणी काढलेली नाही. बायबलात दिवस नाही, महिनाही नाही. मेंढपाळ रात्री रानात राखणीला होते एवढं आहे. त्यावरून काही जण म्हणतात, थंडीचे दिवस नसावेत. सुरुवातीची कितीतरी वर्षं हा सण कोणी केल्याचं दिसत नाही. पुढे रोममध्ये पंचवीस डिसेंबर रुळली. का, यावर जाणकारांचं एकमत नाही. काही म्हणतात, त्या सुमारास रात्र सगळ्यात मोठी होऊन दिवस पुन्हा वाढायला लागतो, सूर्याचा उत्सव तिथे आधीच होता. प्रकाश घेऊन येणाऱ्याचा जन्म तिथे शोभला. काही म्हणतात, येशू मार्चच्या पंचवीसला आईच्या पोटात आला असं मानून लोकांनी पुढचे नऊ महिने मोजले. कुठे कुठे तर जानेवारीत करतात.

गुण्याची थापी थांबली. "म्हणजे एवढं जग अंदाजावर चाललंय?"

"दिवस अंदाजाचा," फादर म्हणाले. "पण तो जन्मला यात आम्हाला शंका नाही."

गुण्याच्या मनात आलं, एवढा मोठा कारभार, आणि खाली पोकळ. त्याने रागाने माल कालवायला घेतला. विषय बदलावा म्हणून फादरांनी सहज विचारलं की मिस्त्री, सगळे भिंतीपासून सुरू करतात, तुम्ही पहिली रांग दालनाच्या मधोमध का लावलीत?

"भिंत सरळ कुठे असते?" गुण्या म्हणाला. "कुठल्याच खोलीची नसते. तिच्यावर विसंबलं तर शेवटची रांग तिरकी जाते. आपली रेघ आपण मारायची. मग मात्र तिला सोडायचं नाही."

बोलून झालं आणि तो मालाकडे बघतच राहिला. फादरांनी चहा निवतोय म्हणून दोनदा सांगितलं.

संध्याकाळी हातपाय धुऊन तो पोरीसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, तुझा दिवस तू ठरव. बायको चुलीपासून वळून बघायला लागली. याला बरं आहे ना, अशा नजरेने. मग बायकोनेच पंचवीस डिसेंबर सुचवली. पोर म्हणाली, नको, त्या दिवशी सगळे येशूकडे जाणार, मला कोण विचारतंय. आई म्हणाली, मग तुला घरी आणलं तो दिवस घेऊ? तोही नको. त्या दिवशी ती दिवसभर रडली होती, असं आईच सांगायची.

"उद्या," पोर म्हणाली.

"उद्याच का?"

"मी खूप थांबलेय."

गुण्याला यात खोट काढता आली नाही.

"आणि बाबा, तू कामाला जायचं नाहीस. वर्गाच्या दाराशी उभं राहायचंस. दर वर्षी."

गुण्याने अंगात ताप असताना फरशी बसवली होती. तरी त्याने मान डोलावली.

"मी खरंच उद्याच्याच तारखेला जन्मले होते?"

"ते मला माहीत नाही," गुण्या म्हणाला. "कोणालाच नाही. पण आता हाच दिवस. बदलायचा नाही."

"तूसुद्धा नाही?"

"मीसुद्धा नाही."

सकाळी तो चर्चमध्ये जाऊन फादरांना म्हणाला, आज येत नाही. फादर म्हणाले, मिस्त्री, नाताळ तोंडावर आलाय. गुण्या म्हणाला, फरशी वेळेत होईल, पुढचे दिवस लवकर येईन. आज मुलीचा वाढदिवस आहे. हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. फादरांनी खिसे चाचपले, काही सापडेना, म्हणून वेदीजवळची एक नवी मेणबत्ती आणून त्याच्या हातात दिली.

शाळेत तो सांगितल्याप्रमाणे दाराशी उभा राहिला. धुतलेला शर्ट, हातात मेणबत्ती, काय करावं ते न कळलेला. बाईंनी लाल खडू पुढे केला. पोर फळ्याशी गेली, टाचा उंचावल्या आणि वरून सुरुवात करून खाली घसरत गेलेलं, भलंमोठं, तिरकं नाव लिहिलं. मग वळून तिने दाराकडे पाहिलं.

गुण्याने त्या नावावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि म्हणाला, "बरोबर आहे."