आत कोण होतं?

कुमुदताईंवर मी लिहावं असं आमचं नातं नाही. त्यांच्या घरची, ऑफिसातली माणसं जास्त चांगलं लिहितील. शिवाय माझी मराठी घरात बोलण्यापुरती. झाशीत शाळा-कॉलेज सगळं हिंदीतच. चुकलं तर माफ करा... पण आमच्या घरातून कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिता येणारा मी एकटाच.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात शहरात घटसर्प पसरला होता. कुमुदताई आरोग्य विभागात होत्या. रुग्णाच्या जवळ कोण कोण आलं ते शोधायचं आणि आजार वाढण्याआधी त्यांच्यापर्यंत पोहोचायचं, हे त्यांचं काम. सदर बाजारजवळच्या एका मराठी घरात संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि लगेच त्या घरची नात आजारी पडली. घरच्या काकूंनी आलेल्या बायकांची नावं धडाधड सांगितली, कोण कुठल्या साडीत होतं तेसुद्धा. कुमुदताईंनी सगळं ऐकून विचारलं, "आणि आत कोण होतं?"

"आत? आत कोणी नव्हतं."

"मग तिळाच्या वड्या आपोआप झाल्या का, काकू?"

आत माझी आई होती. ती घरोघरी स्वयंपाक करते. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला ती बाहेर येत नाही, आणि पाहुण्यांत तिला कुणी धरतही नाही. काकूंनी काही लपवलं नव्हतं, त्यांना ती आठवलीच नव्हती. पाहुण्यांच्या गडबडीत नात मात्र आईच्याच कडेवर होती.

कुमुदताई आमच्याकडे आल्या तेव्हा आईचा घसा दुखत होता, तरी ती कामावर निघाली होती. "ताई, माझं नाव नका सांगू कुठे. घरं सुटतील माझी."

"घरं मी बघते. तू आधी आ कर."

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "कौन आई हैं?"

"शादी का खाना बनवाना है, वही पूछने आई हूँ," कुमुदताई टॉर्च पदराआड धरून म्हणाल्या.

आईच्या घशात पांढुरका पडदा धरू लागला होता. त्यांनी तिला स्वतः इस्पितळात नेलं. आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता, असं डॉक्टर म्हणाले. मग त्या आईच्या कामाच्या प्रत्येक घरी गेल्या. सगळ्यांचे घसे तपासले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "तपासणी सगळ्या मोहल्ल्याची आहे. आणि तुमच्या स्वयंपाकीणबाई थोडे दिवस मी मागून घेतल्यात हं, रागावू नका." आईचं एकही घर सुटलं नाही.

पुढे कळलं, आत कोण होतं हे त्या प्रत्येक घरी विचारत.

यंदा कुमुदताई आजारी होत्या हे आम्हाला माहीत नव्हतं. गावातल्या मराठी घरांना फोन गेले, पुण्याहून नातेवाईक आले. आमच्याकडे फोन आला तो त्यानंतर, त्यांच्या सुनेचा. आई कणीक मळत होती म्हणून मी घेतला. थकलेल्या, भल्या आवाजात त्या म्हणाल्या, "आईंना विचारशील का भैया, परवा तेराव्याच्या स्वयंपाकाला येतील का?"

"कुणाचं तेरावं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "अरे... तुम्हाला कुणी कळवलंच नाही का?"