व्याह्यांचा शब्द आणि पल्याडचा कठडा

जलवाहतूक खात्यात त्यांना खऱ्या नावानं ओळखणारं एकच उरलं होतं, ते म्हणजे हजेरीचं यंत्र. बाकी साहेबांपासून लाँचच्या तांडेलापर्यंत सगळ्यांचे ते व्याही.

नाव कुणी ठेवलं यावरून खात्यात दोन तट आहेत. जुनी टायपिस्टबाई म्हणते मी ठेवलं, जिन्याखालचा चहावाला म्हणतो मी. कुणी का ठेवेना, नेमकं ठेवलं. दाराच्या पाटीवर ‘विधिमंडळ समन्वय अधिकारी’ असं भारदस्त काहीतरी होतं, पण काम पाहाल तर निखळ व्याह्याचं. एकीकडे खातं, दुसरीकडे आमदार. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही. खात्याच्या लेखी आमदार म्हणजे कायम रुसलेली वरपक्षाची मंडळी. आमदारांच्या लेखी खातं म्हणजे हात आखडता घेणारा वधूपिता. मानपान सांभाळायचे, रुसवे काढायचे आणि दोन्हीकडून बोलणी खायची, ती या एका माणसानं.

ते आमदाराकडे कधी फाइल घेऊन जात नसत. फाइल पाहिली की माणूस दार लावून घेतो, गप्पा घेऊन गेलं की खुर्ची पुढे करतो, हे त्यांचं तत्त्व. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलीला दुसरी मुलगी झाली, कोण कुणाशी बोलत नाही आणि कधीपासून, सगळं त्यांच्या डोक्यात. एकाच पक्षाचे दोन आमदार एकमेकांकडे पाठ करून बसायचे. व्याह्यांनी एकाला सांगितलं, “काल ते तुमच्या भाषणाचं फार कौतुक करत होते.” मग दुसऱ्यालाही तेच सांगितलं. आठवड्याभरात दोघं एका टेबलावर जेवायला लागले, आणि पुढच्या अधिवेशनापासून दोघं मिळून जलवाहतूक खात्याच्या मागे लागले. भलं करावं तर असं अंगाशी येतं.

त्यांचं आणखी एक कसब लॉबीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवे आमदार निवडून येतात तेव्हा भाषण करता येतं, प्रश्न विचारता येत नाही. ते हळूच व्याह्यांना कोपऱ्यात घ्यायचे, “एवढा प्रश्न जरा बांधून द्या हो.” व्याही बांधून द्यायचे, चांगला घट्ट, कुठून सुटणार नाही असा. मग आपल्या खोलीत येऊन, पाणी पिऊन, त्याच प्रश्नाचं खात्यातर्फे उत्तर लिहायला बसायचे.

बायको म्हणायची, “अहो, चेंडूही तुम्हीच टाकायचा, मारायचाही तुम्हीच आणि झेलायचाही तुम्हीच. मग आउट कोण होतं?”

“अजून तरी कुणी नाही.”

“होईल एक दिवस,” ती म्हणायची. बायकोच्या जिभेवर काळा तीळ होता की काय, कोण जाणे.

ज्यांनी व्याह्यांकडून कधी प्रश्न बांधून घेतला नाही अशा एकच, बाई. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि पल्याडच्या काठावरून निवडून आल्या. विरोधी बाकावर बसायच्या, पण धाक दोन्ही बाजूंना सारखाच. खात्याचं उत्तर आलं की लाल पेन्सिलीनं तपासायच्या आणि खाली ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारून परत पाठवायच्या. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य दिसलं की म्हणायच्या, “कोण करतंय ती? नंबर द्या, मी विचारते.” त्या बोलायला उभ्या राहिल्या की मंत्री नकळत शर्टाचं वरचं बटण लावायचे. म्हणजे असं लोक सांगतात. पण ज्यांनी पाहिलंय त्यांनीही ते नाकारलेलं नाही.

तर मागच्या अधिवेशनात बाईंनी पल्याडच्या धक्क्याचा प्रश्न लावला. धक्क्याला कठडा नव्हता. जुना गंजून पडला होता. लाँच लागली की म्हातारीकोतारी, दप्तरवाली पोरं तोल सांभाळत उतरायची. प्रश्न सभागृहात यायच्या आदल्या दिवशी व्याही बाईंना भेटले. अभियंत्यानं त्यांना सांगितलं होतं, “महिनाअखेर कठडा बसतो.” व्याह्यांनी बाईंना सांगितलं, “बाई, महिनाअखेर कठडा बसतो. माझा शब्द.”

दुसऱ्या दिवशी बाई उठल्या आणि म्हणाल्या, “अध्यक्ष महोदय, खात्याच्या एका माणसानं मला शब्द दिला आहे. तो पुरेसा आहे. मी प्रश्न मागे घेते.”

सभागृह गार पडलं. बाईंनी प्रश्न मागे घेतला म्हणजे मांजरानं दूध मागे सारलं. त्या दिवशी व्याही घरी आले ते जमिनीपासून दोन बोटं वर चालत. बायकोनं विचारलं, “बढती मिळाली का?” ते म्हणाले, “त्याहून मोठं.”

पण एक चूक झाली होती. शब्द दिला, आणि नदी ओलांडून बघायला काही ते गेले नाहीत. लॉबीतल्या प्रत्येक खुर्चीची खबर ठेवणारा हा माणूस अर्ध्या तासाच्या लाँचला कंटाळला.

पुढचं अधिवेशन तोंडावर आलं असताना सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. त्या पल्याडच्या. दारातच त्यांनी जावयापुढे हात पसरला. व्याह्यांना वाटलं काही हवंय. तळव्यावर लालभडक ओरखडा होता.

“हे काय?”

“तुमच्या खात्याची मेहेरबानी, जावईबापू. कठडा पडला तिथे दोरी बांधलीय, निळी. धरली तर हात सोलतो, सोडली तर माणूस नदीत. मी म्हटलं हात सोललेला बरा, जावयाला दाखवता तरी येईल.”

“पण कठडा बसला ना, आई.”

“बसला असेल. कुठे बसला ते बघा, कारण धक्क्यावर तरी नाही.”

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. व्याही मात्र त्या तळव्याकडेच बघत राहिले. त्यांच्या साऱ्या नोकरीची पुंजी म्हणजे तो एक शब्द होता, आणि तो तीन महिने निळ्या दोरीला लटकत होता.

सकाळी ते तडक मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे खात्याचे संचालक. माणूस वाईट नव्हता, फक्त फोटोत मध्यभागी उभं राहायची हौस फार.

“कठडा?” साहेब म्हणाले. “तयार आहे की. भांडारात ठेवलाय, कापडात गुंडाळून.”

“भांडारात कशाला, साहेब?”

“मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्घाटन करायचंय. तीनदा तारीख दिली, तीनदा रद्द झाली. आधीच बसवला तर उद्घाटन कशाचं करणार, नदीचं?”

साहेबच पुढे म्हणाले, “बाईंनी पुन्हा प्रश्न लावलाय ना? लिहून टाका, काम अंतिम टप्प्यात आहे.”

“साहेब, मी बाईंना भेटून येतो.”

“काय सांगणार?”

“जे आहे ते.”

साहेबांनी चष्मा काढला. “व्याही, उद्या सभागृहात माझी शोभा झाली तर परवा भांडारात हजर व्हायचं. त्या कठड्याशेजारीच खुर्ची टाकून देतो.”

“बरं,” व्याही म्हणाले. भीती वाटली नाही असं नाही. घरी येऊन तीन तीनदा कपाट उघडलं आणि बंद केलं. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिनं नेहमीसारखा टोमणा मारला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, “इस्त्रीचा शर्ट घाला. बाईंसमोर चुरगळलेलं जाऊ नका.”

आमदार निवासात बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. टेबलावर कागदांचा ढीग, खिडकीत एक कुंडी, आणि बाई संत्रं सोलत बसलेल्या. व्याही उभ्या उभ्या बोलले. एरवी हवापाण्यापासून सुरुवात करणारा माणूस, पण त्या दिवशी हवा नाही की पाणी नाही.

“बाई, कठडा बसलेला नाही. मी शब्द दिला आणि बघायला गेलो नाही. अभियंत्याचं सोडा, चूक माझी. उद्या उत्तर येईल त्यात ‘अंतिम टप्पा’ असेल. त्यावर विश्वास ठेवू नका.”

बाईंनी सालाचा एक लांब तुकडा अखंड सोडवला. “दोरी कुठल्या रंगाची आहे?”

“निळी. सासूबाई म्हणाल्या.”

“बरोबर. दर शनिवारी धरते मी.” त्यांनी आपला तळहात पुढे केला. तसाच ओरखडा.

व्याही त्या ओरखड्यावर वाकले. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“तीन महिने. प्रश्न पुन्हा लावला आणि गप्प बसले. म्हटलं बघू, आधी तुम्ही येता की तुमचं उत्तर येतं.” मग संत्र्याच्या फोडी बशीत टाकून बशी त्यांच्यापुढे सरकवली. “बसा. खा. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला मी बाहेर उभं करत असे, पण स्वतःहून आलेल्याला नाही.”

व्याही बसले. फोड तोंडात घातली, पण आंबट की गोड ते कळलं नाही.

“आता एक करा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही प्रश्न छान बांधता म्हणे. मला एक बांधून द्या.”

“बाई, माझ्याच खात्यावर?”

“खात्यावर कशाला? कठड्यासाठी. मंत्र्याला झोडलं तर मला टाळ्या मिळतील आणि माझ्या लोकांना दोरीच राहील. मंत्र्यांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. सांगा, त्यांना काय नाकारता येत नाही?”

आयुष्यभराची कुचाळकी अशी कामाला येईल हे व्याह्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. साहेबांनाही वाचवायचं होतं, मंत्र्यांनाही, आणि सासूबाईंच्या हातालाही. दोघांनी संत्रं संपेपर्यंत खल केला. शेवटी बाई हसल्या. त्या हसल्याचं व्याह्यांनी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत साहेब आणि व्याही शेजारी बसले होते. साहेब हळूच म्हणाले, “भांडारात पंखा नाही हं.” व्याह्यांची नजर खाली बाईंच्या बाकावर होती. बाईंनी ठरल्याबाहेर एक वाक्य टाकलं तर सगळंच संपलं, आणि बाई कुणाचं पाठ केलेलं म्हणणाऱ्या नव्हत्या.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं: काम अंतिम टप्प्यात आहे. बाई उठल्या. मंत्र्यांचा हात बटणाकडे गेला.

“अध्यक्ष महोदय, मला उत्तर मान्य आहे.”

मागच्या बाकावर कुणाचं तरी पेन खाली पडलं.

“कठडा तयार आहे, उत्तम झाला आहे असं कळतं. तो मंत्रिमहोदयांच्याच हस्ते खुला व्हावा अशी खात्याची इच्छा आहे, आणि ती योग्यच आहे. पक्ष वेगळा असला तरी पाहुणे आमचे आहेत. माझा प्रश्न इतकाच: उद्या सकाळी पहिल्या लाँचनं मंत्रिमहोदय येतील का? पल्याडची माणसं धक्क्यावर वाट बघतील.”

भरल्या सभागृहात, पत्रकारांसमोर, विरोधी बाकावरून आमंत्रण. मंत्री कशाला नाही म्हणतात? ते उठले आणि म्हणाले, “बाईंचं आमंत्रण म्हणजे आज्ञा. येतो.” दोन्हीकडून बाकं वाजली. साहेबांनी खुर्चीतल्या खुर्चीत छाती पुढे काढली आणि व्याह्यांच्या कानाशी म्हणाले, “बघितलंत? म्हणूनच मी थांबवून ठेवला होता.”

पण बाई खाली बसल्या नव्हत्या. “आणखी एक,” त्या म्हणाल्या, आणि व्याही गॅलरीत पुढे झुकले. हे ठरलेलं नव्हतं. “मागच्या वेळी मी म्हटलं होतं, खात्याच्या एका माणसाचा शब्द मला पुरेसा आहे. आजही पुरेसा आहे. एवढं नोंदवून घ्यावं.”

वर गॅलरीकडे त्यांनी पाहिलंही नाही. व्याही मात्र बाहेर जाऊन हात धुण्याच्या बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत राहिले. खात्यातून साहेबांचा चहा घेऊन आलेल्या चहावाल्यानं रुमाल दिला आणि, त्याच्या स्वभावाविरुद्ध, एकही प्रश्न विचारला नाही.

त्या संध्याकाळी भांडारातून कठडा निघाला तो नेणाऱ्यांच्या शिव्या खात नदीपार गेला. बसवताना जागोजाग रंग खरवडला म्हणून पहाटे कुणीतरी हिरवा हात फिरवला. सकाळी मंत्र्यांनी फीत कापली, साहेब मध्यभागी उभे राहिले, आणि फोटोत दोघांचेही तळवे हिरवेगार आले. बाई दप्तरवाल्या पोरांच्या रांगेमागे उभ्या होत्या. व्याही त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“आभार मानायला आलात का?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मग पुढच्या वेळी आधी लाँच पकडा, मग शब्द द्या.”

तेव्हापासून आजतागायत व्याही काही पाहिल्याशिवाय बोललेले नाहीत. लोक सांगतात, एकदा नदीतल्या एका तरंगत्या बोयाबद्दल विचारलं तर पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरले होते. साहेबांनी भांडाराचं नाव पुन्हा काढलं नाही. कठड्याची कल्पना आपलीच, असं ते अजून सांगतात, आणि व्याही मान डोलावतात. त्यात काय जातं.

उद्घाटनाच्या त्या सकाळीच सासूबाई परत आपल्या घरी निघाल्या होत्या. लाँचमधून उतरताना त्यांनी कठड्यावर हात ठेवला, दाबून बघितला, दुकानात भांडं ठोकून बघावं तसा ठोकूनही बघितला. धक्क्यावर पाय टेकल्यावर शेजारी उभ्या जावयाच्या बाहीला धरलं.

“पक्का आहे,” त्या म्हणाल्या. “रंग तेवढा वाळवायला हवा होता.”

इस्त्रीच्या पांढऱ्या बाहीवर पाच बोटं हिरवी उठली. घरी बायको तो शर्ट भिजवायला निघाली तेव्हा व्याह्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

“अहो, डाग आहे तो.”

“राहू दे,” ते म्हणाले. “आईंचा हात आहे.”

तिनं शर्ट खुंटीला अडकवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तोच काढून दिला.