रजिस्टरात ‘घर बंद’

माझी शाळा झालीच नाही. लग्नानंतर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं जमवली आणि तेवढ्या भांडवलावर ग्रामपंचायतीत बायांच्या जागेवर बसले. दिल्लीत जनता सरकार होतं तेव्हाची गोष्ट. दिघोरीपासून पायी अर्ध्या तासावर आमचं गाव.

घरपट्टी ठरवायला तालुक्याच्या कचेरीतून आकारणीवाला आला होता. टेपनं घर मोजायचं, खोल्या पाहायच्या, रजिस्टरात लिहायचं, एवढंच त्याचं काम. धान चुरण्याचे, मळणीचे दिवस, बापे माणसं सगळी खळ्यावर.

तो गेल्यावर चार दिवसांनी आमच्या आळीतली विधवा काकी माझ्या सपरीत, म्हणजे ओसरीत, येऊन बसली.

“बाई, मी जिती हाय का मेली, पाहून सांग.”

“काहून वो काकी?”

“माहा दीर गावभर सांगून राहिला, रजिस्टरात माहं घर बंद लिवलं हाय म्हून. घर बंद म्हंजे मी तिथं रायत नाही. रायत नाही म्हंजे घर त्याचं.”

“आकारणीवाला आला तवा तू कुठं होती?”

“घरीच. बाजेवर बसवलं, गडवाभर पाणी देलं त्याले. त्यानं इचारलं, घरात माणूस हाय का? म्या म्हटलं, नाही बाबा, वारला. मंग टेप न काढताच गेला.”

मी पंचायतीत जाऊन रजिस्टर काढलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. नऊ घरांपुढे ‘घर बंद’. नऊही दारं फिरले. प्रत्येक घरी त्या दिवशी बाई होती. एका घरात तर पाच दिवसांची बाळंतीण. ती बिचारी कुठं जाणार होती?

तक्रार लिहून सगळ्यांचे अंगठे घेतले, काकीला सोबत घेतलं आणि तालुक्याची एसटी धरली.

कचेरीतला साहेब माणूस वाईट नव्हता, घाईत होता. कागदावर नजर फिरवून म्हणाला, “पट्टी जास्त लागली ना? हरकत मंजूर. कमी करून देतो, जा.”

“पट्टीबद्दल मी चकार शब्द लिहिला नाही साहेब. तुमचा माणूस कसा वागला ते लिहिलंय.”

“वागण्याची तक्रार वेगळी असते, बाई. वेगळा अर्ज लागतो.”

“मग कोरा कागद द्या.”

बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा सगळं लिहिलं. माझा हात धीमा, त्यात परतीची एसटी निघून गेली. काकी म्हणाली, “जाऊ दे ना वो, पट्टी तरी कमी होईल.” मी म्हटलं, “पट्टी कमी होईल अन् घर जाईल. बस गुमान.”

अर्ज वाचून साहेबानं आकारणीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “बाईमाणसाले काय माहीत असते साहेब, म्हणून...”

साहेबानं विचारलं, “या बाईच्या घरी पाणी प्यालास?”

“हो.”

“बंद घरात?”

त्यानं मान खाली घातली. मला हसू आलं होतं, पण दाबलं.

सोमवारी तो परत आला. नऊही घरं मोजली, बायांना विचारून. काकीच्या घरी टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं, आणि भिंतीपाशी अशी ताठ उभी राहिली की त्याला म्हणावं लागलं, थोडं ढिलं सोडा. जुना शेरा खोडून त्यानं लिहिलं, ‘मालकीण हजर, स्वतः राहते.’ दीर वाटेवरच्या चिंचेखाली उभा होता. मी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. तो खळ्याकडे निघून गेला.

जाताना आकारणीवाला माझ्याकडे आला. “बाई, सगळं दुरुस्त झालं. आता तेवढी तक्रार मागं घ्या. लेकरंबाळं हायेत मले.”

मी त्याला चहा दिला. खरंच दया आली होती. पण पुढच्या गावातही बायाच घरी असणार होत्या.

“रजिस्टर दुरुस्त झालं, भाऊ,” मी म्हटलं. “तक्रार रायते.”