पाच घरांत वाजणारा एक फोन

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांट्या चुकतील. चौथीनंतर हातात लाटणं आलं, पेन राहून गेलं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणी वाचलीच, तर माफ करा.

त्या सोमवारी सकाळी आठला साजगावच्या कारखान्याचा फोन आमच्या पाचही घरांत एकाच वेळी वाजला आणि कोणीच उचलला नाही. तीनदा वाजला. डबे नेणाऱ्या टेंपोवाल्याकडून कारखान्यातल्या साहेबांचा निरोप आला की नवीन फोनचं एवढं कौतुक सांगितलंत, तो जुन्यापेक्षा वाईट आहे.

कुंभिवलीत आम्ही पाच बायका मिळून डबे करतो. पोळ्या पारूकाकींकडे, भाजी-आमटी माझ्याकडे, भात सविताकडे. मंदा आणि तिची जाऊ सुरेखा डबे भरतात. आज किती डबे हवेत ते कारखान्यातले साहेब सकाळी फोन करून सांगतात. आधी तो फोन आमच्या ह्यांच्या मोबाईलवर यायचा. हे पहिल्या पाळीला कामावर, मोबाईल लॉकरमध्ये. मग डबे कमी पडायचे आणि कामगार उपाशी राहायचे. शेवटी साहेबांनी बजावलं, एक महिना बघतो, नाहीतर दुसरा ठेकेदार. त्या कामावर आमची पाचही घरं चालत होती.

माझी सून रूपाली कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये कॉम्प्युटरचं काम बघते. ती म्हणाली, इंटरनेटवर चालणारा फोन बसवू. बाहेर नंबर एकच, पण तो पाचही घरांत वाजेल, जिला जमेल तिने उचलायचा. त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असतं, म्हणजे फुकट मिळतं. तरी जुना कॉम्प्युटर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि नंबर घ्यायला आठ हजार लागणार होते. पारूकाकी अध्यक्ष असलेल्या आमच्या बचत गटातून मी ते माझ्या नावावर मागितले. आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये तोंड उघडलं.

मंदा लगेच म्हणाली, "फुकटचं हाय म्हनते, मग आठ हजार कशाला गं?"

रूपाली माझ्यासोबत आली होती. तीच बोलली, "मंदाकाकू, आमटी कशी करायची ते आई कोणालाही सांगतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पण गॅस आणि पातेलं लागतंच ना? हे सॉफ्टवेअर तसंच आहे. कृती उघडी आहे. आपल्या तोंडाला रुचेल तशी बदलताही येते."

पैसे मिळाले. रूपालीने खोपोलीहून जुना कॉम्प्युटर आणला आणि आमच्या पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर ठेवला. सुट्टीच्या दिवशी मांडी घालून त्याच्यासमोर बसली. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ लिहीत होती. मी चहा दोनदा गरम केला. संध्याकाळी आमच्या मोबाईलमध्ये एकेक ॲप टाकलं. पारूकाकींना एकशे एक नंबर, मला एकशे दोन, असं एकशे पाचपर्यंत. ह्याला एक्स्टेंशन म्हणतात, म्हणजे एकाच नंबराच्या फांद्या. तिने स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला आणि पाच घरांत एकदम घंटा वाजली.

आणि मग तो सोमवार.

कोणाचा फोन कधी आला आणि किती वेळ वाजला, त्याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. रूपालीने ती पाहिली. फोन आला होता, पाचही ठिकाणी वाजला होता. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. रात्री नीट जेवलीही नाही. मंगळवारी तिने रजा टाकली आणि आठ वाजता माझ्या ओट्यापाशी येऊन बसली.

फोन वाजला. मी हात पुसले आणि मोबाईलकडे बघत उभी राहिले.

"आई, उचलत का नाही?"

"पारूकाकी घेतील ना आधी. मोठ्या आहेत त्या."

रूपालीने पटकन स्वतः उचलला, साहेबांकडून आकडा लिहून घेतला आणि तशीच सविताकडे गेली. सविताचंही तेच उत्तर. मंदा-सुरेखाचंही तेच. पंगतीत काकींनी पहिला घास घेतल्याशिवाय आमच्यातली कोणी ताटाला हात लावत नाही. मग त्यांच्या घरी वाजणारा फोन आपण आधी कसा उचलायचा?

शेवटी ती पारूकाकींकडे गेली. त्या म्हणाल्या, "माजं हात पिठात असतात गं त्या टायमाला. मला वाटलं तुमी कोनतरी घ्याल."

दुसरी एखादी असती तर आम्हाला हसली असती. रूपाली घरी आली आणि परत मांडी घालून बसली. थोड्या वेळाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता फोन आधी फक्त काकींकडे दोनदा वाजेल. त्यांनी नाही घेतला, तर आईंकडे जाईल, मग सविताकाकूंकडे. पुढेही वयानेच. तुमच्याकडे वाजला म्हणजे काकींनीच तुमच्याकडे पाठवलाय असं समजा."

पारूकाकींनी मान डोलावली. "आसं आसंल तर बरं हाय."

विकतची तयार मशीन असती तर तिला आमचा मानपान कोण शिकवणार होतं? उघडी कृती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी काकींचे हात पिठातच होते, तेव्हा फोन माझ्याकडे आला. साहेबांशी मी पहिल्यांदा बोलले. बोलले म्हणजे, चार वेळा "हां" म्हटलं आणि भिंतीवर खडूने आकडा लिहिला. वीस डबे जास्त हवे होते. वीस जास्त गेले.

त्यानंतर महिनाभरात एकही फोन चुकला नाही. साहेबांनी वर्षाचं काम लिहून दिलं. आता त्यांच्याशी मी "हां"पेक्षा थोडं जास्त बोलते. रूपालीने रिसॉर्टमध्येही असाच फोन बसवला. तिथे आधी तिने सगळ्यांना विचारून घेतलं की इथे कोण कोणाच्या आधी जेवतं. मॅनेजरला ते काही कळलं नाही म्हणे.

माझ्या वाटणीतून मी दर महिन्याला गटात हप्ता भरत होते. परवाच्या मीटिंगमध्ये शेवटचा भरला. मंदाने नोटा मोजल्या, परत एकदा मोजल्या आणि वही पारूकाकींपुढे सरकवली. काकींनी अंगठ्याला शाई लावली आणि तो माझ्या नावापुढे उमटवला. आठ हजार पुरे फिटले.