ओळख पटवणाऱ्याची सही

शिक्क्याच्या शाईचा वास आला की पनवेलच्या तहसील कार्यालयाबाहेरचा टायपिस्ट आठवतो. लग्नाला दोन महिने झाले होते. सासरचं नाव लावायचं प्रतिज्ञापत्र करायला मी गेले होते आणि ओळख पटवायला नेऱ्याहून बाबा आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. टायपिस्टने जुनं नाव विचारलं, ते मी सांगितलं. नवं विचारलं तेव्हा मात्र अडखळले. मी आपली आडनावाचाच विचार करत होते. मधलं बाबांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं येणार, हे त्यांच्यासमोर बोलायची वेळ आल्यावर जाणवलं. शेवटी बाबांनीच सांगितलं, जावयाच्या नावासकट, सावकाश. मग ‘मी हिला ओळखतो’ या ओळीखाली सही केली आणि शिक्का बसल्यावर एक झेरॉक्स मागून घेतली. मी म्हटलं, “बाबा, तुला कशाला ती?” “ऱ्हाऊ दे. माझा नाव हाय त्यावर,” ते म्हणाले. परवा बाबांच्या जमिनीच्या वारसनोंदीला गेले, तर तलाठी म्हणाले, शाळेच्या दाखल्यावरची मुलगी तुम्हीच, हे कशावरून? प्रतिज्ञापत्राची माझी मूळ प्रत कामोठ्यात घर बदलताना कधीच हरवली होती. बाबांच्या पत्र्याच्या पेटीतली झेरॉक्स मी पुढे केली. तलाठ्यांनी ती बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. मी हिला ओळखतो. खाली बाबांची सही.