न सारवलेली खिडकी

बेलवलीतला हेमचंद्र टिल्लू अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळायचा. इकडच्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी. सगळी आळी मुंबईला कामावर गेलेली असताना तो उल्हासनगरहून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकापुढे बसे. सत्त्याण्णव साल होतं.

पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, सरकत्या पट्ट्या एकदाच लिहायच्या आणि त्या कुठल्याही जातीच्या संगणकावर तशाच उमटाव्यात, अशी आज्ञांची जुळणी त्याला करायची होती. ती कुणीही फुकट घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. परदेशातली काही माणसं, ज्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यासोबत लिहीत. त्यांच्या ई-मेल मुंबईत नोकरी करणारा त्याचा मित्र दिनानाथ फ्लॉपीवर आणून देई.

“फुकट वाटायला एवढी मरमर?” दिनानाथ म्हणे. “उल्हासनगरच्या बाजारात दे बे. डब्यात घालून विकतील.”

बटणांवरची चित्रं धाकटी बहीण उमा काढायची. ठिपक्यांनी. “रांगोळीच आहे ही, दादा. आधी सारवायचं, मग ठिपके मांडायचे.” एक खिडकी दुसरीवरून बाजूला झाली की खालची नव्याने रंगवावी लागते, आणि त्याआधी तिची जमीन पुसावी लागते. त्या पुसण्याच्या आज्ञेला हेमचंद्रने ‘सारव’ असंच नाव दिलं होतं. उमा डावखुरी होती. तिच्या ठिपक्यांची ओळ नेहमी उजवीकडे जरा उतरायची.

श्रावणात उमा काविळीने गेली. दिवस करताना दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. टोपली उचलली तेव्हा पीठ जसंच्या तसं होतं. पाऊल नाही, रेघ नाही.

“गेलीच नाही ती,” त्याची आई, माई, म्हणाली. त्यानंतर माईचं जेवण तुटलं. भात कालवून ती नुसती बसून राही.

दसऱ्याच्या आधीच्या एका शुक्रवारी हेमचंद्रने पडद्यावरची एक खिडकी सरकवली. खालच्या खिडकीच्या कोपऱ्यात ठिपके होते. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ठिपके होते.

माई चहा घेऊन आली आणि कप हातातच राहिला.

“ओळ उतरतेय रे, हेमू.”

“माई, जमीन पुसली जात नाहीये, म्हणून जुनं काहीतरी उरतंय. माझीच चूक असणार कुठेतरी.”

“असू दे. तू हात लावू नकोस.”

चूक सापडली. ‘सारव’ची ओळ बंद केलेली होती. सुतकात दारातलं सारवण आणि रांगोळी माईने थांबवली होती. त्याच दिवसांत त्याच्या हातांनी संगणकातही ते पाळलं होतं. आठवत मात्र काहीच नव्हतं. आणि तीच प्रत त्याने सगळ्यांना पाठवली होती.

तरी त्याला धीर आला. जमीन पुसली नाही तर ज्याच्या त्याच्या संगणकातला कचरा दिसणार, दुसऱ्याचा नाही.

मग दिनानाथ फ्लॉपी घेऊन आला. या खेपेला तो थट्टा करत नव्हता. “तो नॉर्वेवाला विचारतोय, कोपऱ्यातले ठिपके मुद्दाम ठेवलेत का. ओळ उजवीकडे उतरते म्हणतो. ब्राझीलवालापण तेच म्हणतोय. त्याची मशीन तर वेगळीच आहे ना रे?”

हेमचंद्रने होकारार्थी मान हलवली. माई आतून ऐकत होती.

तेव्हापासून ती संगणकापुढे बसू लागली. माउस धरायला शिकली. खिडकी झाकायची, उघडायची, बघायची. स्वयंपाकघरात भात गार होई. बाहेरचे लोक नवी प्रत मागत होते, पण हेमचंद्रच्याने ती ओळ सुरू करवत नव्हती. माई दिवसेंदिवस वाळत चालली.

एका शुक्रवारी दुपारी तिने माउसवरून हात काढला.

“मी झाकते म्हणून ती थांबते,” ती हळू म्हणाली. “दरवेळी उघडून बघतेय मी. अशाने जाईल कशी? सारव.”

“नक्की, माई?”

“सारव म्हणते ना!”

त्याने ओळ सुरू केली. खिडकी करड्या रंगाने भरली. माईने ती झाकली, उघडली. कोपरा स्वच्छ होता. तिने ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसून जेवली. बऱ्याच दिवसांनी.

हात धुता धुता तिने विचारलं, “त्या बाहेरच्यांकडनं पण गेली असेल ना?”

“नवी प्रत घेतली की जाईल.”

“आणि नाही घेतली तर?”

“सक्ती नाही करता येत, माई. घ्यायचं, ठेवायचं, पुढे द्यायचं, ज्याचं त्याने ठरवायचं.”

“किती जणांकडे आहे जुनी?”

“ते कुणालाच माहीत नसतं.”

माईने नळ बंद केला. मग तिने एवढंच विचारलं, “तिकडे कोण म्हणेल रे, सारव म्हणून?”